सुजाताबाईंच्या हातचा मासा

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन बायका बोलत होत्या. एकीने नवी स्वयंपाकीण ठेवली होती. दुसरी तिला म्हणाली, "मासे-मटण तिच्या हाती देऊ नको वं. तिसऱ्या माळ्यावरच्या काकू मालूम हाये ना? बाईनं नासका मासा खाऊ घातला, त्यातच गेल्या त्या." मी तिथेच उभा होतो. तिसऱ्या माळ्यावरच्या काकू म्हणजे माझी बायको शकुंतला. बोलणारी नवी भाडेकरू असावी, मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. माझा मजला आला आणि मी उतरलो.

ती 'बाई' म्हणजे सुजाताबाई गजभिये. मासा नासला तो माझ्यामुळे. आणि शकुंतला त्या माशाने गेली नाही, त्यानंतर दीड वर्षाने हृदयविकाराने गेली. खरं तर एवढंच लिहून सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायचं होतं. पण सुजाताबाई कोण होत्या हे न सांगता नुसतं 'त्यांचा दोष नव्हता' म्हटलं, तर वाचणारे मान डोलावून पुढे जातील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली असेल. कोराडीहून सकाळच्या बसने येत. मी स्वतः कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केलेला, तिथल्या कॉलनीत आयुष्य काढलेला, त्यामुळे 'कोराडीची बाई' म्हटल्यावर मी फारशी चौकशी केली नाही. त्यांचा नवरा ठेकेदाराकडे वीज केंद्रातली राख उचलायच्या कामावर होता. तो वारल्यानंतर त्यांनी आधी मजुरांच्या मुक्कामावर आणि मग शहरातल्या घरांमध्ये स्वयंपाकाची कामं धरली. कुठल्याही घरी पहिल्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आधी आडनाव सांगत. आमच्याकडेही तेच. "मी गजभिये. चालत असन तं आत येतो, नाही तं बस उभीच हाये."

शकुंतला सोफ्यावरून म्हणाली, "आमी उमरेडचे कोष्टी. आमच्या घरी सारं चालते. तू फक्त मीठ बेतानं टाक वं, माह्या डॉक्टरचा जीव मिठात अडकला हाये."

सुजाताबाई हसल्या नाहीत. आत आल्या आणि आधी मोरी पाहिली. पाणी तुंबतं का, जाळी साफ आहे का, ते बघूनच त्या ओट्याकडे वळल्या. नंतर कळलं की कुठल्याही स्वयंपाकघरात त्या हे असंच करत. "चूल कोणीबी पुसते," त्या म्हणायच्या, "मोरी पाहा म्हणजे घर समजते."

तेव्हा मी त्यांना 'अगं' म्हणत असे. आज लिहिताना ते जमत नाही.

शकुंतलेच्या हृदयाचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं. धंतोलीच्या डॉक्टरांनी मटण बंद केलं आणि मासा खा म्हणून सांगितलं. आमची मुलगी मीनल बंगळुरूला असते. तिने कुठून तरी वाचून ठरवलं की आईने सामन हा परदेशी मासाच खायचा. दर पंधरा दिवसांनी थर्माकोलच्या डब्यात, बर्फात ठेवलेली पाकिटं घरी येऊ लागली. एकेका पाकिटात दोन तुकडे, हवा काढून घट्ट आवळलेले, दगडासारखे कडक.

सुजाताबाईंनी पहिलं पाकीट उजेडाकडे धरलं. "काकाजी, हा मासा हाये का कापलेलं टरबूज?"

त्या सावनेरकडच्या एका तलावाकाठच्या गावात वाढलेल्या. रोहू, मरळ, वाम हे त्यांच्या हाताखालून गेलेले मासे. डोकं, शेपूट, काटे काहीच नसलेला हा चौकोनी मासा त्यांना पटेना. "याचं तोंडच नाही पाह्यलं आपण. ताजा हाये का शिळा, समजावं कसं?"

पहिल्या दिवशी शकुंतलेच्या हट्टाने त्याचा सावजी रस्सा झाला. आमच्या घराण्याचा मसाला, काळा, तिखट, वर तेलाचा तवंग. तुकडे गरम पाण्यात घालून सैल केलेले, ते रश्श्यात पडले आणि विरघळून गेले. जेवताना मीनलचा व्हिडिओ कॉल आला. ताट पाहून ती कपाळाला हात लावून बसली. शकुंतला मात्र बोटं चाटत होती. सुजाताबाई वाटीतला रस्सा चाखून म्हणाल्या, "काकू, मसाला तं एक नंबर झाला. पण मासा कुठं गेला?"

मग त्यांनी मीनलला रोज प्रश्न विचारून हैराण केलं. मीनल तिकडून सांगे, या इकडे करून पाहत आणि अर्ध्या गोष्टी आपल्या मनाने बदलत. महिन्याभरात त्यांची एक पद्धत बसली. आदल्या संध्याकाळी जाताना त्या पाकीट कात्रीने कापत, तुकडे स्टीलच्या ताटलीत काढत, झाकत आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवत. सकाळी ते हळूहळू सुटलेले असत. मग माझ्या जुन्या धोतराच्या फडक्याने टिपणं. त्या धोतराचे त्यांनी तीन चौकोन केले होते आणि माशाच्या फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोरा घातला होता, म्हणजे त्याने चुकूनही कोणी ताट पुसणार नाही. रोज उकळत्या पाण्यात धुऊन ती फडकी आमच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालत.

टिपून झालं की मीठ, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. त्यावर पाणी सुटे, ते पुन्हा टिपायचं. मग चिमूटभर हळद, मिऱ्याची भरड, लसणाचं बोट फिरवल्यासारखं. लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. सावजी मसाल्याचा डबा शकुंतला पुढे सरकवायची आणि त्या मागे सरकवायच्या.

"थोडासा टाक ना वं."

"काकू, हा गरीब मासा हाये. याच्यावर वरडू नका."

मासा तव्यावर पडला की घरात कोणी बोलायचं नाही. कातडीची बाजू खाली, आणि मग त्या त्याला हात लावत नसत. टीव्ही बंद करायला लावत. घड्याळ बघत नसत, कान लावून उभ्या राहत. "आवाज बारीक झाला की पलटवाचा," एवढंच सांगत. मी टर्बाइनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसं पाहिली होती, त्यामुळे हे मला लगेच समजलं. मासा जास्त भाजला गेला तर त्यातून पांढरी साय बाहेर येते. ती आली की त्यांचा दिवस वाईट जाई. माझ्या मते चवीत काही फरक नसे.

आणि एक सवय. वाढण्याआधी त्या कडेचा एक तुकडा तोडून स्वतः खात. आधी मला हे खटकलं, मी शकुंतलेला तसं बोललोही. त्यांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून, मोठा तुकडा तोडून शांतपणे खाल्ला आणि म्हणाल्या, "जे मले चालत नाही ते काकूले देणार नाही, काकाजी."

सोसायटीत त्यांचं नाव व्हायला वेळ लागला नाही. सचिवांच्या पत्नी देशकर वहिनी एकदा आमच्याकडे जेवल्या आणि त्यांनी आपल्याकडेही सुजाताबाईंना लावून घेतलं. मग आणखी दोन घरं. पुढे असं ठरू लागलं की इमारतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत एक मेस काढायची, जूनपासून, आणि ती सुजाताबाईंनी चालवायची. देशकर वहिनी हे सांगायला आमच्याच घरी आल्या. वाटलं, बाई हरखून जाईल. सुजाताबाईंनी विचारलं, "त्या खोलीत मोरी हाये का?" आणि लगेच खाली जाऊन बघून आल्या.

त्या संध्याकाळी त्या शकुंतलेशी बोलत होत्या, ते मी आतून ऐकलं. "चार घरी चार चुली, काकू. इथं मीठ कमी, तिथं कांदा नाही. पळता पळता माह्ये पाय गेले. एका जागी उभं राहून रांधाचं हाये मले. माह्या हातानं लावलेले डबे, माह्यी मोरी. बस."

त्या मेसची त्या दिवस मोजून वाट पाहत होत्या. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर त्यांनी जूनच्या पहिल्या तारखेला हळदीचं बोट लावलं होतं.

आता माझ्याकडे येतो. वीज केंद्रात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जाई की जागा सोडताना पुरवठा तोडून सोडायची. शिवाय कॉलनीत एकदा आमच्या एका सहकाऱ्याचं क्वार्टर, ते गावाला गेलेले असताना, शॉर्ट सर्किटने जळालं. तेव्हापासून मी एका रात्रीसाठी जरी घर सोडलं तरी मेन स्विच पाडतो. कुलूप लावण्याआधी हात आपोआप वर जातो. या सवयीपायी आमच्या घरी किती दूध नासलं असेल याची गणती नाही. शकुंतला आयुष्यभर त्यावरून बोलत आली.

मे महिन्यात सावनेरला पुतण्याचं लग्न होतं, दोन दिवसांचं. निघायच्या आदल्या दिवशीच सामन आला होता. मीनलने फोनवर बजावलं, "बाबा, मेन स्विच पाडू नका. फ्रीजमध्ये मासा आहे."

"मला काय तेवढं कळत नाही काय?" मी म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर पडताना हात वर गेला.

परत आलो तेव्हा घरात अंधार होता. स्विच वर केला, फ्रीज धडधडत सुरू झालं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. फ्रीजखाली पाण्याचं थारोळं होतं. बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. माशाची पाकिटं मऊ पडून, लोंबून, खालच्या तारांच्या जाळीवर बसली होती. बाहेरून वास नव्हता, पाकिटं बंद होती ना. शकुंतलेने कूलरसमोरून विचारलं, "काय करून राहिले तिकडं?"

"पाणी सांडलं."

मी जमीन पुसली. पाकिटं फेकायला हवीत हे मला कळत होतं. फेकली असती तर शकुंतलेने विचारलं असतं, तिने मीनलला सांगितलं असतं, आणि मग दोघींनी मिळून मला महिनाभर ऐकवलं असतं. एवढ्यासाठी मी ती तशीच आत ठेवली. पुन्हा गोठतील, मग काय फरक पडतो, असं मनाशी म्हटलं. इतकी वर्षं यंत्रांबरोबर काढलेला माणूस मी. कसा आणि काय फरक पडतो हे मला कळायला हवं होतं.

सकाळी सुजाताबाई आल्या. त्यांनी पाकीट बाहेर काढलं आणि खिडकीपाशी नेलं.  मी पेपर वाचत होतो, म्हणजे हातात धरून बसलो होतो.

"काकाजी, लाइन गेली होती काय?"

"नाही. काहून?"

"मासावर जाळीचा ठसा हाये." त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. "बर्फाच्या मासावर ठसा नाही उमटत. आन् हे पाहा, कोपऱ्यात लाल पाणी गोठून राहिलं."

"पाठवणाऱ्यांनीच तसा पाठवला असेल."

त्यांनी पाकीट कापून नाकाशी नेलं. "वासबी थोडा येते."

"परदेशी मासा आहे. वास असतोच."

"असा नाही राहत." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "खरंच नव्हती ना गेली?"

"एकदा सांगितलं ना गं, नाही. तिची गोळीची वेळ होते आहे. बारा वाजता मीनलचा फोन येईल."

त्यांनी मासा पाण्यात घालून सैल केला. मग लाल दोऱ्याचं फडकं घेतलं आणि मासा टिपायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी मीठ जास्त लावलं, लसूण जास्त लावला, तवा जास्त तापवला. पांढरी साय आली तरी मासा उतरवला नाही. आणि वाढण्याआधी नेहमीप्रमाणे कडेचा तुकडा खाल्ला.

शकुंतलेने एक तुकडा पूर्ण खाल्ला. मी दुसऱ्यातला अर्धा खाल्ला आणि अर्धा ताटात सोडला. तो अर्धा का सोडला, हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

मला काहीच झालं नाही; रात्री शकुंतलेला उलट्या सुरू झाल्या. पहाटे धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, मी मासा म्हणालो. फोनवर मीनल रडत होती. "बाबा, बाईंनी मासा बाहेर काढून ठेवला होता का? या उन्हाळ्यात? तासन् तास?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच म्हणालो. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिलो की मी कोणावर आरोप केलेला नाही. पण मीनलने देशकर वहिनींना फोन केला आणि त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला खात्रीने माहीत झालं होतं. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका शेजाऱ्याने तर आवाज खाली आणून सांगितलं, "त्यांच्यात स्वच्छता नसतेच हो." मी त्यालाही काही म्हणालो नाही.

त्याच दुपारी सुजाताबाईंच्या मुलाचा फोन आला होता. "आईले रातभर उलट्या चालू हायेत. चार दिवस येणार नाही म्हणते. काकूची तब्येत बरी हाये ना, ते विचारून राहिली." मी बरी आहे म्हणालो. हा फोन आला होता हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तो सांगितला असता, तर निदान कोणी तरी विचार केला असता की जाणूनबुजून निष्काळजीपणा करणारी बाई आधी स्वतः कशाला खाईल.

पाचव्या दिवशी त्या आल्या. फाटकावर चौकीदाराने अडवलं, कामवाल्यांच्या यादीतून नाव काढलं होतं. मी गॅलरीत होतो. त्यांची तीन फडकी माझ्या शेजारी दोरीवर तशीच होती, वाळून कडक झालेली. त्या खाली उन्हात उभ्या राहून फोन लावत होत्या. माझ्या हातातला फोन वाजला. नाव दिसत होतं. मी तो वाजू दिला. मग त्यांनी वर पाहिलं. मी आत आलो.

मेस जूनमध्ये सुरू झाली, दुसऱ्या कोणाकडे तरी दिली. इमारतीतली उरलेली तीन घरंही सुजाताबाईंची त्याच आठवड्यात सुटली.

शकुंतला बरी होऊन घरी आली आणि आठच दिवसांत म्हणाली, "सुजाताले बोलवा ना. होते कधी कधी. मुद्दाम थोडी केलं तिनं?" मी मीनलचं नाव पुढे केलं, ती ओरडेल म्हणालो. नवी बाई आली, तिचा मासा शकुंतलेला आवडला नाही. "कातडी पाहा कशी चिवट झाली," म्हणायची आणि बाजूला काढून ठेवायची. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की सुजाताकडून एकदाच चूक झाली आणि आपल्या घरच्यांनी तिला फार मोठी शिक्षा दिली. चूक कोणाची, हे मी तिला सांगितलं नाही. दीड वर्ष रोज दोन वेळा आम्ही समोरासमोर जेवत होतो.

लिफ्टमधल्या त्या बोलण्यानंतर आठ दिवसांनी मी स्वतःच्या तपासणीसाठी धंतोलीला गेलो होतो. बाहेर पडलो तर बस थांब्यावर सुजाताबाई. एका दवाखान्यातल्या आयांची फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. केस बरेच पिकले होते. आधी त्यांनीच ओळखलं.

"काकाजी? एकटेच आले?"

"हो. तपासणी होती. तुम्ही इथे?"

"आया हाये मी. रुग्णाइचं उचलणं, पुसणं. रांधाचं सोडलं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "काकूचं ऐकलं म्या. येणार होतो मी. पण मंग लोक म्हणाले का माह्याच हातच्या मासानं गेल्या. तशानं कसं यावं?"

मी म्हणालो, "माशाने नाही गेली ती. आणि त्या मे महिन्यात मेन स्विच मी पाडला होता. दोन दिवस फ्रीज बंद होतं. मला माहीत होतं."

त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. एक अॅम्ब्युलन्स वळत होती.

"मले मालूम हाये."

"केव्हापासून?"

"तुमाले विचारलं, तवाच."

"मग रांधलात कशाला?"

"तुमी नाही म्हटलं ना, म्हणून माह्याच डोळ्याले खोटं ठरवलं." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज चढला नव्हता. "तुमच्या बायकोच्या पोटात जाणार होता तो मासा, काकाजी. म्या म्हटलं, बायकोच्या जेवणात कोण खोटं बोलते?"

मी माफी मागितली. हात जोडले, तर त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हात खाली घ्यायला लावले. "इथं नका करू. मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच होतं. ज्याइले मालूम नाही त्याइले सांगा. देशकर मॅडमले सांगा. गेटवरच्यालेबी सांगा."

"सांगतो. मेसचंही मी बोलतो, अजूनही…"

"मेस नको. तिथं आता मी उभी राहणार नाही. माह्या नावाचं तेवढं करा."

कोराडीची बस आली. थांब्यावर गर्दी होती, रुग्णांचे नातेवाईक, सामान, एक्स-रेची मोठी पाकिटं. त्या मला येतो म्हणाल्या की नाही, मला ऐकू आलं नाही. दारातल्या दोघांना कोपराने सरकवून त्या वर चढल्या. मी खालून खिडक्या बघत गेलो तेव्हा चौथ्या खिडकीत दिसल्या. शेजारी सलाईनची पट्टी लावलेली एक म्हातारी होती. सुजाताबाई तिला आत सरकून बसायला सांगत होत्या, तिचा पट्टीचा हात उचलून आपल्या पिशवीवर ठेवत होत्या. बस हलली, तरी त्यांचं लक्ष त्या हाताकडेच होतं.